नरहर मास्तरांची हजेरी

आमच्या धामणवाडीत खोटं लिहिता येणारी माणसं दोनच होती, कारण मुळात लिहिता येणारीच दोन होती. एक मी, गावचा पटवारी वामन. दुसरे शाळेचे नरहर मास्तर. मास्तरांनी ही सवलत आयुष्यात कधी घेतली नाही, म्हणून अठरा वर्षं नोकरी करूनही ते पहिल्या दिवशी होते तिथेच राहिले. मी घेतली. माझं पुढे येईलच, मी काही लपवायला बसलेलो नाही.

मास्तर मूळचे जालन्याचे. सन अठ्ठावीस साली निजाम सरकारच्या तालीम, म्हणजे शिक्षण, खात्याचा हुकूम घेऊन ते बैलगाडीतून गावात उतरले, तेव्हा त्यांच्याबरोबर एक ट्रंक, एक घड्याळ आणि शरयूवहिनी होत्या. शाळा म्हणजे दगडी भिंतींची, पत्र्याच्या छपराची एक लांबट खोली. गावातली तेवढीच सरकारी इमारत, त्यामुळे तिच्यात आम्हा पटवाऱ्यांच्या वरच्या गिरदावरसाहेबांचा मुक्काम पडे, जप्तीची भांडी ठेवली जात, आणि उरलेल्या वेळात शाळा भरे. मास्तरांनी पहिल्या वर्षी भांडी बाहेर काढली आणि तिसऱ्या वर्षी गिरदावरांना. त्यानंतर खोलीत फक्त पोरं राहिली, तीसेक, पहिली ते चौथी, एकाच मास्तराच्या तोंडाकडे बघणारी.

त्यांना एक खोड होती. जे झालं तेच लिहायचं. एकदा खात्याचे साहेब तपासणीला आले तो नेमका कुंभार पिंपळगावच्या बाजाराचा दिवस. वर्गात पोरं सात. दुसऱ्या कोणी साताचे सत्तावीस केले असते, आणि साहेबांनाही ते बरं वाटलं असतं, कारण त्यांनाही वर कागद पाठवायचा होता. मास्तरांनी सातच मांडले आणि शेऱ्यात लिहिलं, ‘बाकी बाजारला.’ साहेब चिडून गेले ते पुन्हा चार वर्षं फिरकले नाहीत. एकदा नाल्याला पाणी आलं म्हणून मास्तर स्वतःच पाऊण तास उशिरा पोचले, तर स्वतःच्या नावापुढे ‘उशीर’ लिहून मोकळे झाले. मी म्हटलं, “मास्तर, बघायला कोण बसलंय?” तर म्हणाले, “वामनराव, उद्या मीच बघणार ना.” असा माणूस शेजारी असला की आपल्याला उगीचच आपल्या वह्या आठवतात.

माझी तारा त्यांच्याच शाळेत जायची. शाळेत पोरी दोनच, तारा आणि चतुराबाईची नात द्वारका. शेचाळीस साली तारा तिसरी पास झाली. चौथी पास झाली असती तर आमच्या घराण्यातली पहिली पोरगी ठरली असती, आणि मला त्याचं कौतुक होतं, हे आधीच सांगून ठेवतो. पण हे सगळं शाळा गावात असेल तर. कुंभार पिंपळगावची शाळा दोन कोस, मधे नाला. तिथे पोरीला एकटी पाठवणारा बाप आमच्या गावात तेव्हा नव्हता, मीही नव्हतो.

त्या सालच्या आषाढात गावात उंदीर पडले. चौथीचा वर्ग सोमवारी भरायचा होता आणि शनिवारी सोनूबाईच्या ओसरीवर पहिला उंदीर सापडला. तो प्लेग खरा होता, त्याची चेष्टा मी करणार नाही. महिन्याभरात अकरा माणसं गाठीच्या तापानं गेली. सोनूबाईचा कर्ता मुलगा सकाळी औत घेऊन गेला आणि तिसऱ्या दिवशी नव्हता. सगळं गाव उठून माळावर झोपड्या बांधून राहिलं, पावसात पाचटाची छपरं गळत होती, आणि गावात फक्त कुत्री उरली होती.

सरकारनं करायचं ते केलं. छपराखाली पाचांहून जास्त माणसं बसायची नाहीत, बाहेरगावचा माणूस आत यायचा नाही, आणि मदरसा, म्हणजे शाळा, बंद. दाराला कुलूप लागलं, कुलपावर लाखेची मोहोर. इथपर्यंत सगळं शहाणपणाचंच होतं.

श्रावण संपता संपता ताप ओसरला, माणसं मरायची थांबली. हुकूम मात्र थांबेनात. तहसीलीचं म्हणणं असं पडलं की शेवटचा मेलेला उंदीर सापडल्यापासून चाळीस दिवस दुसरा सापडला नाही तर गाव साफ समजावं, बंदी उठवावी आणि शाळा उघडावी. मग उंदरांची नोंद ठेवायला गावात रिकामा माणूस कोण? शाळा बंद म्हणजे मास्तर रिकामा. त्यांच्याकडे एक कोरं रजिस्टर आलं. मास्तरांनी त्यात पट्टीनं रकाने आखले: तारीख, जागा, लांबी, रंग, शेरा. रोज सकाळी पोलीस पाटील मच्छिंद्रला घेऊन ते ओस गल्ल्यांतून फिरायचे आणि रकान्यात लिहायचे, ‘उंदीर नाही.’ अठरा वर्षं ‘हजर’ लिहिणाऱ्या माणसाला गैरहजेरीचा एवढा आनंद झालेला मी प्रथमच बघत होतो.

याच सुमारास हैदराबादच्या कायदेमंडळाची निवडणूक जाहीर झाली. मत सगळ्यांना नव्हतं. आमच्या तालुक्यातून पट्टेदारांच्या, म्हणजे जमीन नावावर असलेल्यांच्या, गटाचा एक माणूस जायचा, आणि ठरावीक सारा भरणाऱ्यालाच मत होतं. दोन हजार वस्तीच्या गावात मतदार निघाले एक्केचाळीस. स्टेट काँग्रेसवाल्यांनी बहिष्कार टाकलेला, तेव्हा रयतेची सेवा करायला दुसरं कोणी नाही हे पाहून आमचे जमीनदार काकासाहेब स्वतःच उभे राहिले. त्यांच्याविरुद्ध खालच्या आळीचे रखमाजी पाटील उभे राहिले, तेही सेवेसाठीच. यादी माझ्या हातची, त्यामुळे मला पाठ होतं की गावातले अठरा काकासाहेबांचे आणि तेवीस रखमाजींचे. काकासाहेबांनाही पाठ होतं. आणि पुढे जे झालं त्यावरून प्लेगालाही पाठ असावं.

कारण हुकमात आणखी एक कलम होतं. गाव साफ झालं नसेल तरी मतदान होईल, पण ज्याच्याकडे प्लेगाची सुई टोचल्याची चिठ्ठी असेल त्यालाच गावाच्या वेशीआत सोडावं. टोचायला सरकारी माणूस आला, बद्रीनाथ नावाचा. त्याच्या राहण्याची सोय काकासाहेबांच्या मळ्यात झाली. बद्रीनाथानं काकासाहेबांची अठरा माणसं टोचली आणि औषध संपलं. त्यातही खुद्द काकासाहेबांना सुईचं भय फार. त्यांची चिठ्ठी दंडाला हात न लावताच तयार झाली. चतुराबाई नातीला घेऊन दोनदा मळ्यात जाऊन आली. दुसऱ्यांदा परत आली ती थेट माझ्या झोपडीपुढे उभी राहिली.

“पटवारीसाहेब, तो सुईवाला म्हन्तो औषध सरलं. कालच तर पेटी आल्ती की.”

“आली होती खरी.”

“मंग?”

“ती मतदारांची पेटी होती, चतुराबाई.”

तिनं नातीचा हात धरला. “म्हंजी आमाला मत न्हाई म्हनून गाठ बी येत न्हाई व्हय?” असं म्हणाली आणि पोरीला ओढत निघून गेली.

आता गाव साफ ठरलं की चिठ्ठीची भानगडच उरत नव्हती. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस येऊन मत टाकणार, आणि तेवीस अठरापेक्षा जास्त असतात हे काकासाहेबांना शाळेत न जाताही कळत होतं. पहिल्यांदा भाद्रपदात अडतिसावा दिवस उजाडला. मास्तरांनी शाळेच्या झाडलोटीसाठी माणूसही सांगून ठेवला होता. तेवढ्यात काकासाहेबांचा गडी भुजंग शेपटीला धरून एक उंदीर घेऊन आला.

“मास्तर, ह्यो बगा. चावडीमागं गावला.”

मास्तरांनी उंदीर जमिनीवर ठेवायला लावला, पट्टीनं मोजला, काडीनं उलटवला. “भुजंग, याची मान मोडली आहे.”

“आसंल.”

“मानेवर चापाची खूण आहे. हा प्लेगानं मेलेला नाही.”

“मंग मेलाय का न्हाई?”

“मेलाय.”

“मंग लिवा की. जल्दी करा, मला मळ्यात जायाचंय.”

मास्तरांनी लिहिलं: ‘मेलेला उंदीर, एक. लांबी सात बोटं. मान मोडलेली, चापाची खूण.’ शिवाय तहसीलीला वेगळा अर्ज लिहिला, की प्लेगाचा उंदीर चापात सापडून मरत नाही, सबब हा धरू नये. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. हुकमात मेलेला उंदीर असं म्हटलेलं आहे, कसा मेला हे हुकमात नाही. आणि चाळीस दिवस पुन्हा एकपासून सुरू झाले.

उंदीर आला त्याच संध्याकाळी, अर्ज जाण्याआधी, शरयूवहिनींनी मला मुद्दाम बोलावलं होतं. “वामनराव, तुम्ही तरी समजवा यांना. एक उंदीर लिहिला नाही तर काय जगबुडी होणार आहे? मोडक्या मानेचा उंदीर घेऊन हे बसलेत आणि गावची पोरं माळावर गोट्या खेळतायत.”

मी समजावलं. या कामात मी तरबेज होतो. म्हटलं, मास्तर, उंदीर होता हे चौघांनाच माहीत, मच्छिंद्र माझा माणूस आहे, भुजंगाला लिहिता येत नाही. मास्तरांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “आज असलेला उंदीर नाही म्हणून लिहिला, तर उद्या मी ‘हजर’ लिहिलेलं कोणी का मानावं?”

मला तेव्हा त्यांचा राग आला. अजूनही कधी कधी येतो. भुजंगाचं काम या माणसाच्या खरेपणावरच चाललं होतं. दुसरा कोणी लबाड मास्तर असता तर त्यानं उंदीर उकिरड्यावर फेकला असता आणि शाळा कधीच उघडली असती. कार्तिकात सदतिसाव्या दिवशी दुसरा उंदीर आला, मार्गशीर्षात एकोणचाळिसाव्या दिवशी तिसरा. दोघांच्याही माना मोडलेल्या, दोघांचीही नोंद बिलकुल बरोबर. दिवाळी आम्ही माळावर केली.

आणि पौष लागता लागता तालीम खात्याचं पत्र आलं. ज्या मदरशात सहा महिन्यांत एक दिवसही वर्ग भरला नाही तो बरखास्त करून जवळच्या गावच्या मदरशात सामील करण्यात यावा. सहा महिने पौषाअखेर भरत होते. मास्तर ते पत्र घेऊन माझ्याकडे आले. “वामनराव, शाळा जाते,” एवढंच म्हणाले. मी तहसीलीला अर्ज करा, दरख्वास्त द्या, असं काहीबाही बोललो. तारा आत भाकरी थापत होती, तिचा थापण्याचा आवाज थांबला होता.

चार दिवसांनी मतदानाचा हुकूम आला. मतदान पौषातच, जागा मदरशाची इमारत. उर्दू हुकूम वाचायचा म्हणून मी मास्तरांना बोलावलं. त्यांनी तो एकदा वाचला, मग चष्मा पुसून पुन्हा वाचला, मग तिसऱ्यांदा.

“वामनराव, मोहोर काढून मदरसा सकाळी आठ ते संध्याकाळी पाच खुला ठेवावा, असं आहे.”

“हो, मतासाठी.”

“ते वर आहे. या वाक्यात तसं नाही. आणि त्या वेळात वर्ग भरवू नये, असंही कुठं नाही.”

तहसीलीनं उंदरांच्या बाबतीत जे शिकवलं ते हा माणूस शिकला होता.

राहिला प्रश्न पोरांच्या चिठ्ठ्यांचा. तो काकासाहेबांनीच सोडवला. मतदानाच्या दिवशी खुद्द तालुकदारसाहेब, म्हणजे जिल्ह्याचे मोठे साहेब, मोटारीनं पाहणी करत जाणार होते. ओस गाव आणि अठरा माणसं त्यांना दाखवणं बरं दिसलं नसतं. लोकांत उत्साह पाहिजे. तेव्हा शाळेची पोरं कागदी पताका घेऊन रस्त्याकडेला उभी करा, असा निरोप मास्तरांना आला आणि बद्रीनाथानं एका बैठकीत तीस चिठ्ठ्या लिहून दिल्या. एकाही पोराचा दंड दुखला नाही. मास्तरांनी त्या चिठ्ठ्या एकेक करून मोजल्या. “या मी लिहिलेल्या नाहीत,” ते शेवटी म्हणाले, बहुधा स्वतःलाच. पण त्यांनी त्या वाटल्या. शाळेसाठी त्यांनी केलेली ही एवढीच तडजोड.

मतदानाच्या दिवशी मी शाळेच्या दारात टेबल घेऊन बसलो होतो, मतदार ओळखायला. दहा वाजेपर्यंत काकासाहेबांचे अठरा येऊन मत टाकून गेले. रखमाजी आपले तेवीस घेऊन वेशीवर आले, तिथे बाभळीच्या काटेरी फांद्यांची आडवण होती आणि दोन शिपाई. चिठ्ठी विचारली, नव्हती. रखमाजींचा आवाज शाळेपर्यंत ऐकू येत होता. “ती बारकी पोरं आत सोडून राह्यले आन् आमी काय प्लेग घेऊन हिंडतो व्हय?” शिपाई म्हणाले, त्यांच्याकडे चिठ्ठ्या आहेत. रखमाजी आपले तेवीस घेऊन माघारी वळले, कारण चिठ्ठ्या खरंच होत्या.

अकराला तालुकदारसाहेबांची मोटार आली. पोरांनी पताका हलवल्या, कविता म्हटली. साहेबांनी काच अर्धी खाली करून हात हलवला. गावात प्लेग असल्यामुळे ते उतरले नाहीत. मग सगळे अंमलदार काकासाहेबांच्या मळ्यात हुरडा खायला गेले. शाळेत उरलो मी, मतपेटी, आणि तहसीलीचा एक कारकून, जो पेटीला टेकून झोपी गेला.

मास्तरांनी फळ्यावरचं फडकं काढलं. सहा महिन्यांची धूळ पुसली. बाहेर येऊन म्हणाले, “चला, आत बसा.” पोरांना खरं वाटेना. मग सगळी एकदम घुसली आणि मतपेटीच्या भोवतीनं आपापल्या जुन्या जागी बसली. मास्तरांनी हजेरीपट उघडला. मी दारात बसून ऐकत होतो.

“अकरा. तारा वामन.”

“हजर.”

सहा महिन्यांत पोरीचा एवढा खणखणीत आवाज मी ऐकला नव्हता. खोटं कशाला बोलू, माझे डोळे भरून आले.

मग शाळा भरली. खरोखरची. पहिलीला बाराखडी, दुसरीला पाढे, आणि चौथीच्या चौघांपुढे मास्तरांनी नवं पुस्तक ठेवलं. त्यांना वर्षाचा अभ्यास त्या एका दिवसात भरायचा असावा, इतकं ते भराभर बोलत होते. मधेच त्यांनी गणित घातलं, गावात मतदार एक्केचाळीस, आले अठरा, तर राहिले किती. पोरांनी तेवीस सांगितले. द्वारकानं विचारलं, “मास्तर, ते सगळे आजारी हायेत का?” मास्तर म्हणाले, पुढचं गणित घ्या. चारच्या सुमाराला कारकून जागा झाला आणि समोर तीस पोरं पाहून दचकला. “ये क्या है?” मास्तर म्हणाले, “मदरसा है, हुजूर. आठ से पाँच.” त्यानं हुकूम काढून वाचला, मान हलवली आणि पुन्हा डोळे मिटले. पाचला पेटी गाडीत चढली, दाराला पुन्हा कुलूप आणि लाख लागली. मास्तरांनी त्याच रात्री अहवाल रवाना केला: सहा महिन्यांत वर्ग एक दिवस भरला, हजर तीस, गैरहजर कोणी नाही. नियमाप्रमाणे शाळा वाचली होती.

काकासाहेब तालुक्यात अकरा मतांनी निवडून आले.

आता अकरा मतं आणि वेशीवर अडलेले तेवीस, हा हिशोब रखमाजींनाही जमला. त्यांनी तक्रार गुदरली. तीस पोरं पाच तास छपराखाली बसू शकली, तर गावात प्लेग होता कुठे? आणि प्लेग नव्हता तर माझे मतदार का अडवले? पुरावा म्हणून त्यांनी मास्तरांच्या हजेरीपटाचा दाखला दिला. ज्या माणसाच्या खरेपणावर सगळं गाव हसायचं, त्याच्या एका पानावर आता कायदेमंडळाची जागा टेकली होती.

चौकशी लागली तशी काकासाहेब एकदा सकाळी फिरत फिरत माझ्या झोपडीकडे आले. चहा घेतला. माळावरची हवा छान आहे म्हणाले. मग म्हणाले, “वामनराव, तुमची पटवारकी किती पिढ्यांची?”

“चार.”

“पाचवीला राहावी, आसं वाटत आसंल.”

मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

“त्या दिवशी पोरं पताका धरून उभी राह्यली आन् घरला गेली. मास्तरानं उगंच हजेरी भरली, नोकरी वाचवायला. आता मास्तरालाबी पोट हायच, मी काय त्याच्या वाईटावर न्हाई. शाळेचं म्हणाल तर मी हैदराबादलाच चाललो. नवी पक्की शाळा आणतो, चार खोल्यांची.” जाताना ताराच्या डोक्यावर हात ठेवून गेले.

चार खोल्यांची शाळा मला त्याच क्षणी डोळ्यांपुढे दिसू लागली. माणसाला सोयीचं असलं की काहीही दिसतं.

चौकशीचे साहेब आले. छपराखाली पाचांहून जास्त बसायचं नाही, म्हणून चौकशी माळावरच्या लिंबाखाली झाली. मच्छिंद्र पाटलानं सांगितलं, पोरं शाळेत बसली नाहीत. भुजंगानं सांगितलं, बसली नाहीत. कारकुनानं लिहून दिलं होतं की तो सबंध दिवस जागा होता आणि त्यानं काही पाहिलं नाही. चतुराबाई सांगायला पुढे आली तर ती मतदार नसल्यामुळे तिचा संबंध पोचत नव्हता. मग मला बोलावलं.

साहेबांनी हजेरीपट माझ्यापुढे केला. “पटवारी, तुम्ही सबंध दिवस दारात होता?”

“जी.”

“या नोंदीप्रमाणे वर्ग भरला?”

मास्तर माझ्यासमोर चार हात अंतरावर उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. मी आलो म्हणजे आता झालं, असंच त्यांना वाटत होतं, हे मला स्पष्ट दिसत होतं.

“जी न्हाई,” मी म्हणालो.

“अकरा नंबर, तारा वामन. ही तुमची मुलगी?”

“जी.”

“ती वर्गात हजर होती?”

“जी न्हाई. घरी होती.”

साहेबांनी मास्तरांना विचारलं, तुम्हाला काही सांगायचं आहे का. मास्तर म्हणाले, “जे आहे ते लिहिलेलं आहे.” त्यांनी हजेरीपट उचलला, त्यावर पडलेलं लिंबाचं पान झटकलं आणि साहेबांच्या हातात दिला.

निकाल महिन्याभरात लागला. निवडणूक बरोबर ठरली. वर्ग एकही दिवस न भरल्यामुळे शाळा कुंभार पिंपळगावच्या शाळेत सामील झाली. आणि नरहर मास्तरांना खोटी हजेरी भरल्याबद्दल दोन पायऱ्या खाली उतरवून परतूरकडच्या एका वाडीवर बदलण्यात आलं. त्याच आठवड्यात गाव साफ असल्याचा दाखलाही आला. भुजंगाला उंदीर सापडेनासे झाले होते.

मास्तर निघाले त्या दिवशी गाडीजवळ मी गेलो. न जाण्याचीही माझ्यात हिंमत नव्हती. ट्रंक तीच होती. शरयूवहिनींनी पदर पुढे ओढून तोंड फिरवलं. मास्तर मात्र बोलले. मला वाटलं होतं ते काही मनाला लागेल असं म्हणतील, मी त्याची तयारी करून गेलो होतो.

“वामनराव, ताराचं अक्षर फार चांगलं आहे,” ते म्हणाले. “तिची पाटी सोडवू नका.”

मी हो म्हटलं. तेही खोटंच निघालं. दोन कोस, नाल्यापलीकडे पोरीला रोज कोण घेऊन जाणार, चार महिने मी हेच घोकत राहिलो, आणि तेवढ्यात पाटीवर तिची आई मीठ वाळत घालू लागली. शाळेच्या खोलीत काकासाहेबांनी कापूस भरला. सरकारी इमारत रिकामी का ठेवा, म्हणून. मास्तर सत्तेचाळीसच्या पावसाळ्यात त्या वाडीवरच वारले असं ऐकलं. मी गेलो नाही.

अठ्ठेचाळीसच्या वैशाखात ताराला बघायला वाटूरचे पाहुणे आले. ती तेव्हा तेरा वर्षांची होती. मुलाच्या वडिलांनी पोहे खाता खाता विचारलं, “मुलगी किती शिकलीय?”

“तिसरी पास आहे,” मी म्हणालो.

तारा पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. खाली बघूनच ती म्हणाली, “चौथीत एक दिवस बसले होते.”

पाहुणे हसले. “एकच दिवस? तो कसा काय?”

“बसले होते,” ती म्हणाली. “पण अण्णा म्हणतात, नव्हते.”

पाहुण्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सुपारी कातरत राहिलो. त्यांनी तिसरीच धरली, आणि लग्न जमलं.